टीव्हीवरचं राजकारण पाहताना वही कशी ठेवावी

११ मे २०२३, गुरुवार. दुपारी बाराच्या सुमारास सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड शिवसेनेतल्या फुटीच्या प्रकरणाचा निकाल वाचत होते आणि मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर बसून मी पडद्याखालच्या पट्ट्या लिहीत होते. शिंदेंच्या बाजूच्या भरत गोगावलेंना प्रतोद, म्हणजे पक्षाच्या आमदारांना मतदानाचा आदेश देणारा, म्हणून मान्यता देण्याचा विधानसभाध्यक्षांचा निर्णय बेकायदा, असं वाक्य आलं आणि मी टाइप केलं, ‘शिंदे गटाला मोठा धक्का’. थोड्या वेळाने आलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. पट्टी बदलली, ‘राज्यपालांवर ताशेरे’. मग आलं की उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही. पट्टी पुन्हा बदलली, ‘ठाकरेंना धक्का, शिंदे सरकार वाचलं’. एकाच निकालावर बघता बघता तीन पट्ट्या गेल्या, आणि तिन्हींमागे निकालातलंच वाक्य होतं.

तीन वाजता कराडहून अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "अगं, सकाळधरनं बघतोय. ह्याला धक्का, त्याला धक्का. सरकार पडलं का ऱ्हायलं, तेवढं सांग."

मी त्यांना पाच वाक्यं सांगितली. सरकार राहिलं. राज्यपालांचं चुकलं, असं कोर्ट म्हणालं. ठाकरेंनी आधीच राजीनामा दिला होता, म्हणून ते परत मुख्यमंत्री होणार नाहीत. गोगावलेंना प्रतोद मानणं बेकायदा. आणि आमदार अपात्र आहेत की नाहीत ते अध्यक्षांनी ठरवायचं, वाजवी मुदतीत. अप्पा लिहून घेत होते, मला पेनाचा आवाज येत होता. शेवटी म्हणाले, "मग हे असंच का न्हाई लिहीत तुम्ही?"

बारा वर्षं त्या डेस्कवर होते मी. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडून कराडला आले. अप्पांची वही तोवर अर्धी भरली होती. ते एसटीत कंडक्टर होते. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता, भरायची सवय हातात मुरलेली, म्हणून त्यांनी पानावर पट्टीने रकाने आखले होते. त्या रकान्यांत मी माझ्या डेस्कवरच्या अनुभवाने थोडी भर घातली आणि आता दर रविवारी वाचनालयात आम्ही आठ-दहा जण मिळून ही वही भरतो. ती कशी भरायची ते इथे सांगते.

वही, वेळ आणि मुका टीव्ही

साधी दोनशेपानी वही घ्या. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे. दुसऱ्यात तीच गोष्ट आपल्या साध्या वाक्यात. तिसऱ्यात ‘कुणी सांगितलं’. चौथ्यात ‘काय कळलं नाही’. पानाच्या डोक्यावर तारीख, वाहिनीचं नाव आणि वेळ. वेळ नक्की लिहा, ती पुढे कामाला येते.

दिवसभर टीव्ही लावून ही वही भरता येत नाही. रोज एकच बातमीपत्र धरा, अर्ध्या तासाचं. संध्याकाळी सातचं असेल तर सातचंच. चोवीस तासांच्या वाहिनीवर एकच बातमी नवनवी पट्टी लावून फिरत राहते आणि पाहणाऱ्याला वाटतं की दिवसभरात पुष्कळ घडलं. रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमाच्या तक्त्यात, आम्ही बातमी तीच ठेवून वरचा मथळा दर तासाला ताजा करायचो. ते आमचं कामच होतं.

पहिली दहा मिनिटं आवाज बंद ठेवा. ही पायरी लोकांना विचित्र वाटते, पण तीच सगळ्यात मोलाची. आवाज गेला की ढोल-ताशासारखं ते संगीत जातं, निवेदकाचा चढा सूर जातो आणि उरतात पट्टीवरचे शब्द आणि चित्र. चित्राकडे नीट पाहा. गाड्यांचा तोच ताफा किती वेळा जातोय? नेत्याचा तोच कपाळाला हात लावलेला क्षण पुन्हा पुन्हा येतोय का? कोपऱ्यात ‘संग्रहित’ असं लिहिलंय का? आजच्या बातमीला तीन वर्षांपूर्वीच्या सभेचं चित्र लागलं की माणूस आज चिडलेला दिसतो. प्रत्यक्षात तो तेव्हा चिडलेला होता, आणि तेही भलत्याच कारणावरून.

क्रियापद काढा, ‘म्हणाले’ घाला

मराठी बातमीत बोलण्याला जितकी नावं आहेत तितकी दुसऱ्या कशालाच नसतील. घणाघात, हल्लाबोल, पलटवार, टोला, चिमटा, कानपिचक्या, खोचक सवाल, समाचार, तोफ डागली, डिवचलं, सुनावलं. डेस्कवर यांची उतरंड असते आणि नव्या मुलांना ती पहिल्या महिन्यात पाठ होते. हलकं बोलला तर चिमटा, जरा जास्त बोलला तर टोला, नाव घेऊन बोलला तर हल्लाबोल. ‘टीका’ हा शब्द फिका म्हणून मागे पडलेला. ‘म्हणाले’ तर मी मथळ्यात वर्षानुवर्षं लिहिलंच नव्हतं.

हे का होतं तेही सांगते. डेस्कसमोर भिंतीवर बाकीच्या सगळ्या वाहिन्यांचे टीव्ही एका ओळीत लावलेले असतात. समोरच्याने ‘राजकीय भूकंप’ लावला आणि आपल्याकडे ‘मंत्र्यांची नाराजी’ असेल तर आपली बातमी मेली, असं धरलं जातं. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे यायचे. देशभरातल्या हजारो घरांत बसवलेल्या मीटरांवरून निघालेले ते आकडे ठरवायचे की कोणाचा आठवडा कसा गेला. पट्टी लिहायला मिळतात दोन-तीन मिनिटं आणि जागा सात-आठ शब्दांची. त्या सात शब्दांत कोर्टाचा निकाल बसत नाही, ‘धक्का’ बसतो.

म्हणून वहीतलं काम असं. पहिल्या रकान्यात उतरवलेल्या पट्टीतलं क्रियापद काढून टाका आणि दुसऱ्या रकान्यात ‘म्हणाले की’ लिहून वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न करा. ‘अमुक नेत्याचा तमुक नेत्यावर घणाघात’ असेल तर ‘अमुक नेते म्हणाले की...’ आणि पुढे? पुढे लिहायला काही मिळालं, म्हणजे ‘पीकविम्याचे पैसे दोन हंगाम मिळालेले नाहीत’ असं काहीतरी, तर तिथे बातमी आहे. अर्धा तास पाहूनही ‘की’च्या पुढची जागा कोरी राहिली, तर ओळीवर काट मारा. अप्पा पहिल्या महिन्यात इतक्या काटा मारत होते की आईला वाटलं वही रद्दीत द्यायचीय.

‘धक्का’ आणि ‘दिलासा’ हे दोन शब्द मात्र वेगळे हाताळावे लागतात. त्यांच्या मागे बहुतेक वेळा खरोखर एखादा आदेश, निकाल किंवा पत्र असतं. तिथे दुसऱ्या रकान्यात तीन गोष्टी लिहा. कागद कुणी काढला, त्यात काय म्हटलंय आणि उद्या सकाळी त्यामुळे काय बदलेल. ११ मेचा निकाल या तीन प्रश्नांतून काढला की ‘कोण जिंकलं’ हा प्रश्न आपोआप मागे सरकतो. कोण जिंकलं हे ठरवायची घाई पट्टीला असते, कारण दोन्ही बाजूंचे प्रवक्ते पंधरा मिनिटांत कॅमेऱ्यासमोर पेढे घेऊन उभे राहतात आणि मग बातमी पेढ्यांची होते.

१० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकरांनी अपात्रतेचा निकाल दिला तेव्हा मी अजून डेस्कवर होते. त्या संध्याकाळी मथळा एकच होता, खरी शिवसेना शिंदेंची. तो बरोबर होता. पण त्याच निकालात दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नव्हता, म्हणजे ठाकरेंकडचेसुद्धा आमदार राहिले होते. हे वाक्य पट्टीत आलंच नसेल असं नाही. मथळ्याच्या भाराखाली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अप्पांच्या वहीत मात्र ते चौथ्या रकान्यात प्रश्न म्हणून होतं : ‘मग दुसऱ्या बाजूच्यांचं काय?’

नाव कोणी ठेवलं ते शोधा

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण शब्दाचं वजन इथे सगळ्यात जास्त असतं आणि आम्ही डेस्कवाले इथेच सगळ्यात कमी थांबायचो.

२० जून २०२२ ला विधान परिषदेची मतमोजणी झाली आणि त्या रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. २१ तारखेला सकाळी पट्टी होती ‘शिंदे नॉट रिचेबल’. दुपारपर्यंत ‘नाराज’ झालं, मग ‘बंड’. शिंदेंच्या बाजूने सांगितलं जायचं, हे बंड नाही, ‘उठाव’ आहे. ठाकरेंच्या बाजूने शब्द आला ‘गद्दारी’. ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा निघाली आणि ती गणपतीपर्यंत पोरांच्या तोंडी गेली.

आता हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. ‘उठाव’ म्हटलं की डोळ्यांपुढे अन्याय सोसणारी माणसं येतात, शाळेतला १८५७ चा धडा येतो. ‘गद्दारी’ म्हटलं की घरभेदी येतो, सूर्याजी पिसाळ येतो. ‘बंड’ मधलं वाटतं, पण तेही कोणीतरी एक धनी आहे आणि त्याच्याविरुद्ध हे गेले असं गृहीत धरतं. म्हणजे शब्द निवडला की पक्ष कोणाचा याचं उत्तर आधीच दिलं गेलं, आणि कोर्टात, निवडणूक आयोगात नेमका तोच प्रश्न चालू होता. वहीत आम्ही काय लिहिलं? ‘शिवसेनेचे काही आमदार पक्षप्रमुखांना न विचारता राज्याबाहेर गेले आणि सरकारला पाठिंबा नाही म्हणाले.’ लांब आहे, रुक्ष आहे. पण यावर दोन्ही बाजूंचा माणूस मान हलवतो. वाचनालयात आमच्याकडे दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते.

मग आला ‘गट’. शिंदे गट, ठाकरे गट. डेस्कवर आम्हाला हा शब्द सोयीचा आणि तटस्थ वाटायचा. ८ ऑक्टोबर २०२२ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवलं, दोन दिवसांनी दोघांना तात्पुरती नवी नावं मिळाली, आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव-चिन्ह शिंदेंना दिलं. त्या संध्याकाळी न्यूजरूममध्ये वाद झाला. आता एकाच्या मागचं ‘गट’ काढायचं का? मग दुसऱ्याच्या मागे ठेवायचं का? एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आयोगाने दिलं ते लिहा. दुसऱ्याचं, प्रकरण कोर्टात आहे तोवर दोघांनाही गट म्हणा. त्या रात्री आमच्याच वाहिनीवर नऊच्या आणि दहाच्या बातम्यांत वेगवेगळी नावं गेली. तुमच्या वहीत हे टिपत जा : कोणत्या बाजूचं नाव नुसतं येतं आणि कोणाच्या मागे ‘गट’ लागतो, आणि हे कोणत्या तारखेला बदललं. बदलामागे आयोगाचा किंवा कोर्टाचा कागद असेल तर ठीक. कागद नसताना बदल झाला असेल तर तो वाहिनीचा निर्णय आहे.

कधी नाव कुणाच्याच बाजूचं नसतं, तरी चिकटतं. २३ नोव्हेंबर २०१९ चा ‘पहाटेचा शपथविधी’ घ्या. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांनी राजभवनावर शपथ घेतली ती सकाळी आठच्या सुमारास. नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईत सूर्य सातच्या आधी वर येतो. आठला पहाट नसते, शाळांच्या पहिल्या तासाची घंटा झालेली असते. पहाटे झालं ते वेगळंच, राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना, ५ वाजून ४७ मिनिटांनी. अंधारात काढलेला कागद आणि उजेडात घेतलेली शपथ या दोन गोष्टी एका नावात मिसळल्या. माझं मत विचाराल तर त्या अधिसूचनेची वेळ हीच त्या दिवसाची खरी मोठी बातमी होती, कारण इतक्या भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठते कशी हा राज्यघटनेचा प्रश्न होता. ‘पहाटेचा शपथविधी’ या नावाने तो प्रश्न दोन नेत्यांच्या धाडसाच्या किस्स्यात गेला. सरकार ऐंशी तासांत गेलं, नाव आजही टिकून आहे.

‘सूत्र’, ‘चर्चा’ आणि मथळ्यातलं प्रश्नचिन्ह

तिसरा रकाना, ‘कुणी सांगितलं’, भरताना मराठीची एक खोड लक्षात येते. आपल्या भाषेत कर्ता न सांगता वाक्य फार सहज पूर्ण होतं. ‘बोललं जातंय’, ‘समजतंय’, ‘असल्याची माहिती’, ‘भेट झाल्याची चर्चा’, ‘राजकीय वर्तुळात उधाण’. कोण बोलतंय, कुणाला समजलं, कुठल्या वर्तुळात? घरात कुणी असं म्हटलं तर आपण लगेच विचारतो, ‘तुला कोण म्हणालं?’ टीव्हीलाही तेच विचारायचं.

सूत्र म्हणजे थाप, असं मात्र समजू नका. बातमीदारांना कामं वाटणाऱ्या असाइनमेंट डेस्कवरही मी सहा महिने काढलेत. मंत्रालयातला माणूस नाव देऊन बोलला तर त्याची बदली होते, म्हणून बातमीदार त्याचं नाव राखतो, आणि तशा बातम्यांनी मोठी प्रकरणं बाहेर आली आहेत. ओळखायचं कसं? खऱ्या सूत्राच्या बातमीत तपशील असतो : कोणती फाइल, कोणत्या दिवशीची बैठक, किती रक्कम. आणि ती दोन-चार दिवसांत पुढे सरकते, कुणीतरी मान्य करतं किंवा नाकारतं. ‘बडा नेता लवकरच पक्ष सोडणार, सूत्रांची माहिती’ यात नाव नाही, तारीख नाही, म्हणून ती कधी खोटी ठरतच नाही. अशी ओळ आली की अप्पा शेजारी त्या दिवसाची तारीख टाकतात आणि महिन्याने परत येऊन पाहतात. तुम्हीही तसंच करा. एक महिना ही मागे जाऊन पाहायची सवय लावली की कोणत्या वाहिनीचं सूत्र बोलतं आणि कोणाचं नुसतं वाजतं ते कुणी सांगावं लागत नाही.

प्रश्नचिन्हाचं उत्तर सोपं. ‘महायुतीत सारं आलबेल नाही?’ ‘आघाडीत बिघाडी?’ ज्या गोष्टीची खात्री नाही ती छापता येत नाही, विचारता येते, म्हणून आम्ही प्रश्नचिन्ह लावायचो. वहीत ते काढून तिथे पूर्णविराम द्या. वाक्य तितक्याच ठामपणे म्हणायला बातमीत पुरावा आहे का ते बघा.

हॉटेलच्या फाटकावर उभा कॅमेरा

जून २०२२ च्या त्या आठवड्यात महाराष्ट्राच्या जवळजवळ सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे गुवाहाटीत, शिंदेंसोबतचे आमदार सुरतहून जाऊन उतरले होते त्या हॉटेलच्या फाटकावर होते. आत जायला मनाई. दिसायचं ते फाटक, पोलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. त्यांच्यातले आमदार शहाजीबापू पाटील यांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ हे फोनवरचं संभाषण बाहेर आलं आणि दोन दिवस त्यावरच गेले. त्याच आठवड्यात आसामात भयंकर पूर होता, सिलचर शहर पाण्यात होतं, लाखो माणसं घराबाहेर पडली होती. आमचा बातमीदार त्याच राज्यात उभा होता आणि आमच्या बुलेटिनमध्ये पुराला मिळाली एक ओळ. आणि इथे आपल्याकडे? पाऊस लांबलेला, पेरण्या खोळंबलेल्या. जाणाऱ्या सरकारने त्या दिवसांत भराभर शासन निर्णय काढले, इतके की राज्यपालांनी त्यांचा तपशील मागवला. त्यातल्या कोणत्या निर्णयाने कोणत्या खात्याचा किती पैसा कुठे गेला, हे सांगणारा कार्यक्रम मी तेव्हा केला नाही. हे मला आजही लागतं.

म्हणून चौकटीबाहेर काय राहिलं, हे पाहायचा साधा उपाय. बातमीपत्र संपलं की चौथ्या रकान्यात दोन प्रश्न लिहा. ही बातमी ज्या ठिकाणाहून आली तिथे आज आणखी काय घडत होतं? आणि यात निर्णयाचा कागद आहे का? महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय खातंवार, तारखेनुसार असतात, मराठीत असतात, कुणालाही वाचता येतात. वाचनालयातल्या संगणकावर आम्ही ते काढतो. दोन पानांचा कागद वाचायला पंधरा मिनिटं लागतात.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या वेळी याचा फार उपयोग झाला. २८ जून २०२४ ला अजित पवारांनी अर्थसंकल्पात योजना जाहीर केली, महिन्याला १५०० रुपये, वर्षाला अंदाजे ४६ हजार कोटींचा खर्च. संध्याकाळी पट्ट्या होत्या ‘मास्टरस्ट्रोक’, ‘गेमचेंजर’, आणि पुढच्या आठवड्यांत ‘श्रेयवादाची लढाई’. योजना म्हणजे जणू डावपेच, आणि आपण सगळे सामना बघायला बसलेलो. आमच्या गल्लीतल्या बायका अप्पांना वेगळं विचारत होत्या. उत्पन्नाची अट किती? आधार खात्याला जोडलेलं नसेल तर? वय साठच्या वर असेल तर? साठची मर्यादा पुढे पासष्ट झाली, तीही त्यांना शेजारणीकडून कळली. आणि ४६ हजार कोटी येणार कुठून, ही सगळ्या महाराष्ट्राला लागू असलेली बातमी ‘श्रेय कोणाचं’च्या मागे राहिली. अशा वेळी वहीत ‘कोणाला फायदा’ असं लिहिलेली प्रत्येक पट्टी एका बाजूला करा आणि ‘काय, कोणाला, किती, कशातून’ हे चार शब्द लिहून त्यांची उत्तरं येतात का बघा.

नणंद-भावजय

२०२४ च्या लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर होत्या. महिनाभर पट्टी एकच, ‘नणंद विरुद्ध भावजय’. नात्याची चौकट मराठी घरात लगेच पोचते, सासर-माहेर सगळ्यांना कळतं, म्हणून ती वापरायचा मोह आम्हाला आवरायचा नाही. पण त्या मतदारसंघातले बारामती, पुरंदर, दौंड, इंदापूर हे तालुके आदल्या ऑक्टोबरअखेर सरकारने जाहीर केलेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांत होते. मतदान ७ मेचं, म्हणजे ऐन टंचाईत. जिरायती गावांत टँकरची वाट बघणाऱ्या बाईला नणंद-भावजय कोण हे माहीत होतंच; उपसा योजनेचं पाणी कधी सुटणार ते तिला कुणी सांगत नव्हतं.

नात्याची चौकट दिसली की नाती झाकून पाहा. ‘काका-पुतण्या’ ऐवजी ‘खासदार’ आणि ‘उपमुख्यमंत्री’ लिहा. ‘दादा’, ‘ताई’, ‘साहेब’, ‘भाऊ’ यांच्या जागी पूर्ण नाव आणि पद लिहा. दादा रुसतो तेव्हा घरचं प्रकरण वाटतं. अर्थमंत्री बैठकीला आले नाहीत म्हटलं की कोणती बैठक, तिथे काय ठरायचं होतं, हा प्रश्न आपसूक तोंडात येतो.

चर्चेचे कार्यक्रम

यावर फार लिहीत नाही. सहा चौकटींतली सहा माणसं एका वेळी बोलायला लागली की वही मिटा. भरायचीच असेल तर फक्त दोन गोष्टी टिपा : बोलावलेल्यांत त्या विषयात प्रत्यक्ष काम करणारं कुणी आहे का, आणि निवेदकाने कोणाला किती वेळा मध्येच तोडलं.

एक्झिट पोल आणि मोजणीची सकाळ

१ जून २०२४ ला शेवटचं मतदान संपल्यावर संध्याकाळी एक्झिट पोल लागले. त्याआधी ते दाखवायला कायद्याने बंदी असते. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं, काहींनी चारशेला टेकवलं. ४ जूनला एनडीएला २९३ मिळाल्या, भाजपला २४०. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० महाविकास आघाडीकडे, १७ महायुतीकडे आणि सांगलीची एक अपक्षाकडे. पाच महिन्यांनी विधानसभेला महायुती २३० च्या आसपास गेली, तेव्हा अनेक अंदाज उलट बाजूने तोकडे पडले. एक्झिट पोलच्या रात्री वहीत आकडा लिहायच्या आधी हे लिहा : किती लोकांना विचारलं, किती मतदारसंघांत, कोणत्या संस्थेने, आणि चूक किती धरली आहे. पडद्यावर यातलं काहीच नसेल तर आकडाही लिहू नका.

मोजणीच्या सकाळी आठला टपाली मतं आधी घेतात, यंत्रं साडेआठनंतर. सव्वाआठला जे ‘आघाडी’चे आकडे धावतात ते वाहिन्यांनी मोजणी केंद्रांवरून फोनवर गोळा केलेले असतात; तेव्हा यंत्रांची पहिली फेरी सुरूही झालेली नसते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आकडा उशिरा येतो, पण फेरी पूर्ण झाल्यावर येतो. त्या दिवशी अप्पा शेजारच्या पोराच्या फोनवर आयोगाचं पान उघडून ठेवतात आणि टीव्हीतला आकडा पेन्सिलीने, आयोगाचा शाईने लिहितात.

तक्रार करायची वेळ आली तर

जुनं चित्र आजचं म्हणून दाखवलं, न बोललेलं वाक्य तोंडी घातलं, तर गप्प बसू नका. कार्यक्रम लागल्यापासून सात दिवसांच्या आत वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, कार्यक्रम आणि पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे. वहीचा पहिला रकाना इथे कामाला येतो. उत्तराने समाधान झालं नाही आणि वाहिनी वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असेल, तर त्या संघटनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे, वर जाता येतं. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ अशा तक्रारीचं काही होत नाही. ‘सात वाजून बारा मिनिटांनी दाखवलेली सभा आजची नाही’ या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. डेस्कवर अशी पत्रं आली की आम्ही खरोखर चित्र काढून तपासायचो.

अप्पांची आता तिसरी वही चालू आहे. पहिली मी जपून ठेवली आहे. तिच्यात ११ मे २०२३ च्या पानावर ती पाच वाक्यं आहेत, फोनवर घाईत लिहिलेली, अक्षर वाकडं. पाचव्या वाक्यासमोर चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, ‘वाजवी मुदत म्हणजे किती दिवस?’ खाली वेगळ्या शाईत, पुढच्या जानेवारीत भरलेलं, ‘आठ महिने’.